मदत हवी आहे: फ्री सॉफ्टवेअरवर चालणारा यूएसबी वायफाय अडॅप्टर कोणता? (जरा लवकर सांगा)

वेंधळी
यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्यायचाय. फ्री सॉफ्टवेअरवर चालणारा हवा. एक आणला होता, खोक्यावर चांगला ठसठशीत पेंग्विन (लिनक्सचं चिन्ह) छापलेला, पण तो चालत नाही. लावला की सीडी ड्राइव्ह दिसते, वायफाय दिसत नाही. परत करायची मुदत उद्या संपतेय, त्याआधी दुसरा ठरवायचाय. फक्त नाव सांगा. लिंका नकोत, दोन दिवस लिंकाच वाचतेय.
फोनवरून लिहितेय आणि कीबोर्ड मराठीच आहे, तेव्हा कमांड वगैरे देवनागरीत चालवून घ्या.

खटपट्या
कोणतं लिनक्स? कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) कितवा? लॅपटॉप की डेस्कटॉप? लॅपटॉप असेल तर आतल्या वायफायला काय झालं? एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड) मारून काय येतं ते इथे टाका. तोवर नाव सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

अर्धवटराव
भाऊ, फ्री म्हणजे फुकटच ना? माझ्या डोंगलबरोबर ड्रायव्हरची सीडी फुकट आली होती. तुम्हाला सीडी दिसतेय म्हणताय, तीच ती. उघडा, सेटअपवर डबल क्लिक, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश, रीस्टार्ट. विंडोज ७ पासून हेच करतोय, कधी अडलं नाही.

वेंधळी
@अर्धवटराव, भाऊ नाही. क्रियापदं वाचा. फ्री म्हणजे फुकट नाही, मुक्त: ज्याचा सोर्स (माणसाने लिहिलेला मूळ कोड) बघता-बदलता येतो ते. आणि विंडोजही नाही.
@खटपट्या, जुना लॅपटॉप आहे. आतल्या इंटेलच्या कार्डाला बंद, म्हणजे सोर्स न दिलेलं, फर्मवेअर लागतं, म्हणून तर यूएसबी शोधतेय. एलएसयूएसबीत ०बीडीए:१ए२बी, रिअलटेक, पुढे ड्रायव्हर सीडीरॉम मोड असं आलं.

टर्मिनलवाला
पाच मिनिटांचं काम आहे, परत कशाला करताय? हे डोंगल आधी खोटी सीडी बनून येतं, विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेऊन. त्याला यूएसबी-मोडस्विचने हाकलायचं, म्हणजे खरा आयडी दिसतो. मग गिटहबवरून ड्रायव्हर उतरवा, डीकेएमएसने बसवा, रीबूट. दर कर्नल अपडेटला आपोआप पुन्हा बनतो. मी तीन मशीनवर हेच केलंय.

वेंधळी
मोडस्विच केलं. सीडी गेली, आता ०बीडीए:सी८११ दिसतंय. वायफाय अजून नाही. आणि गिटहबवरून उतरवू कशाने? नेट नाही म्हणून तर वायफाय हवंय!!

खटपट्या
हातात फोन आहे ना? केबलने लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन घरातलं वायफाय घेईल आणि लॅपटॉपला ते तारेच्या नेटवर्कसारखं दिसेल. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तात्पुरतं निभेल.
सी८११ म्हणजे आरटीएल ८८११सीयू. कर्नल ६.२ पासून त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. म्हणून पुन्हा विचारतो: कोणतं लिनक्स, कितवा कर्नल? तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

जुनं_खोड
एवढी कशाला यातायात. आरटीएल ८१८७ घ्या. मोठा अँटेना असलेला, जुना. लावला की चालू. फर्मवेअरची फाइल नको, काही नको. माझा अजून ठणठणीत आहे, मधे एकदा कॅसिंग फुटलं तर चिकटपट्टी लावली.

स्क्रू_ड्रायव्हर
यूएसबीच कशाला म्हणतो मी. लॅपटॉप उघडा, इंटेलचं कार्ड काढा, अथेरॉसचं बसवा. एआर ९२८० किंवा ९२८५. एथ९के ड्रायव्हरवर चालतात आणि फर्मवेअर लागतच नाही. दोन स्क्रू आणि अँटेनाच्या दोन तारा, बस. पोर्टही अडून राहत नाही.

खटपट्या
आणि काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी असते, बाकी कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही, हेही सांगा की. त्यांनी विचारलंय यूएसबी. उद्यापर्यंत.

वेंधळी
टेदरिंग चाललं, थँक्यू! कर्नल ५.१५. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) लाल अक्षरात एक ओळ सारखी येतेय: मिसिंग फ्री फर्मवेअर, नॉन-फ्री फर्मवेअर लोडिंग इज डिसेबल्ड. हे डोंगलचंच ना?

बिनतारी
वेंधळी ताई, तुम्ही ट्रिस्केल वापरताय का?

वेंधळी
हो, ट्रिस्केल ११. सांगितलं नव्हतं का?

खटपट्या
नाही!! दोनदा विचारलं!

वेंधळी
सॉरी. फ्री सॉफ्टवेअर म्हटलं की कळेल असं वाटलं.

बिनतारी
मग वरचं निम्मं बाद. ती लाल ओळ डोंगलची नाही, आतल्या इंटेल कार्डाची आहे. ट्रिस्केल म्हणजे फक्त फ्री सॉफ्टवेअर ठेवणारं लिनक्स, त्यात लिनक्स-लिब्र कर्नल असतो. बंद फर्मवेअर मागणारी जागा त्यात मुद्दाम कापलेली असते, त्यामुळे फाइल आणून योग्य फोल्डरमध्ये ठेवली तरी तो ती उचलत नाही. डोंगलबद्दल तर तो काहीच बोलत नाहीये, कारण ५.१५ मध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यात गल्लत होतेय म्हणून जरा इस्कटून सांगतो. ड्रायव्हर तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर चालतो. डोंगलच्या आत स्वतःचा एक बारका प्रोसेसर असतो आणि त्यावर चालतं ते फर्मवेअर. बऱ्याच डोंगलांना स्वतःचं फर्मवेअर लक्षात राहत नाही, दर वेळी खोचलं की कर्नलने ते आत ढकलायचं. खोक्यावरचा पेंग्विन फार तर ड्रायव्हरपुरता खरा असतो.

तुम्हाला हवा तो चिप: अथेरॉस एआर ९२७१. ड्रायव्हर एथ९के-एचटीसी, कर्नलमध्येच आहे. आणि त्याच्या फर्मवेअरचा सोर्स २०१३ साली खुला झाला, त्यामुळे ते ट्रिस्केलमध्ये असतं, डेबियन या लिनक्समध्येही मेन, म्हणजे फक्त फ्री सॉफ्टवेअरच्या, विभागात आहे. एफएसएफच्या (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या) रिस्पेक्ट्स युअर फ्रीडम प्रमाणपत्राच्या यादीत थिंकपेंग्विनचा एन१५० आहे, त्यात हाच चिप. नाव हवं होतं ना, हे घ्या नाव.

टर्मिनलवाला
असहमत. मी सांगितलेला ड्रायव्हर जीपीएल या फ्री सॉफ्टवेअर परवान्याचा आहे, पूर्ण सोर्स समोर आहे आणि फर्मवेअरची वेगळी फाइल मागतही नाही. ट्रिस्केलवरही बसेल. नवीन खरेदी कशाला?

बिनतारी
बसेल, मान्य. फाइल का मागत नाही ते बघा. त्या सोर्समध्ये हॅल फोल्डरात एफडब्ल्यू नावाची सी फाइल आहे, ती उघडा. वर चार ओळींची नोंद आणि खाली पानंच्या पानं नुसते आकडे: शून्य एक्स अमुक, स्वल्पविराम, शून्य एक्स तमुक. तेच फर्मवेअर. कंपाइल झालेलं, सोर्स नसलेलं, सी फाइलचा अंगरखा घालून बसलेलं. परवाना जीपीएल लिहिला म्हणून त्या आकड्यांचा सोर्स होत नाही.

टर्मिनलवाला
उघडली. आहे खरं. बरं, पण चालतं ना शेवटी?

तिरकस
मला एक कळत नाही. जुनं_खोड यांच्या ८१८७ ला फाइल लागत नाही म्हणून तो पवित्र. आत जे काही कोरलेलं आहे त्याचा सोर्स कोणी पाहिलाय? तेच फाइलमधून आलं की विटाळ! आणि बाई सध्या ज्या फोनवरून टेदरिंग करतायत, त्यातला वायफाय चिप तर नखशिखांत बंद.

बिनतारी
मुद्दा चुकीचा नाही. एफएसएफची भूमिका अशी की जे कधी बदलायचंच नाही, ते सर्किटसारखं धरायचं. मलाही ही सोयीची पळवाट वाटते. पण ९२७१ चं वेगळं आहे. त्याचं फर्मवेअर कोरलेलं नाही, फाइलमधूनच जातं आणि त्या फाइलचा सोर्स आहे. आतला प्रोसेसर एक्सटेन्सा जातीचा, त्याचा कंपायलर बांधून घ्यायला वेळ लागतो, पण मी स्वतः फर्मवेअर बनवून चढवलंय. तुमचा आक्षेप ८१८७ ला लागू, याला नाही.

जुनं_खोड
माझ्या ८१८७ ला काही बोलायचं नाही.

खटपट्या
८१८७ फक्त बी आणि जी या जुन्या वायफाय प्रकारांचा आहे, कमाल ५४ मेगाबिट, आणि तेही कागदावर. आज घ्यायला सांगू नका.

निळादात
विषय निघालाच आहे तर, ब्लूटूथ डोंगल कोणता घ्यावा? हेडफोन लावायचेत. अवांतराबद्दल क्षमस्व.

वेंधळी
@बिनतारी, आभार. पण विकणारे चिपचं नाव लिहितच नाहीत. नुसतं १५० एमबीपीएस, प्लग अँड प्ले, आणि परत पेंग्विन. ओळखायचं कसं?

बिनतारी
खोक्यावरून कळत नाही, हीच खरी ग्यानबाची मेख. मॉडेलच्या नावावरही जाऊ नका. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन ७२२एन चं उदाहरण सगळे देतात: आवृत्ती १ मध्ये एआर ९२७१, आवृत्ती २ पासून रिअलटेक. मॉडेल नंबर तोच, त्यामुळे जुन्या लेखांत त्याची शिफारस दिसली की आवृत्ती बघायची. एच-नोड या साइटवर फ्री सॉफ्टवेअरवर काय चालतं त्याची यादी आहे, त्यात आयडीनुसार नोंदी आहेत, तिथे ताडून पाहता येतं.
विकणाऱ्याला सरळ विचारा: चिप एआर ९२७१ आहे का, नसल्यास परत घ्याल का? हो म्हटलं तरच घ्या. हातात आलं की पहिलं एलएसयूएसबी. ०सीएफ३:९२७१ दिसलं तर तुमचं. ०बीडीए ने सुरू झालं तर रिअलटेक, खोकं फाडू नका.

स्वारी
मॉनिटर मोड (आसपासचं सगळं वायफाय नुसतं ऐकत बसणं) चालतो का यात?

खटपट्या
चालतो. कोणी विचारलं होतं?

स्वारी
मीच की.

स्क्रू_ड्रायव्हर
९२७१ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, हे कोणी बोललंच नाही. एआर ९२८० चं कार्ड ५ वरही चालतं. पण राहू द्या, माझं कोण ऐकतं.

*(चार दिवसांनी)*

वेंधळी
पहिला परत केला. ९२७१ वाला आला. एलएसयूएसबी ०सीएफ३:९२७१, डीमेसेजमध्ये ट्रान्स्फर्ड एफडब्ल्यू आणि साइझ ५१००८ असं आलं, लाल काही नाही. शेजारपाजारची अकरा नेटवर्क दिसतायत. माझं एकटीचंच दिसत नाहीये! हाही खराब निघाला का??

टर्मिनलवाला
तरी मी सांगत होतो.

खटपट्या
राउटर कोणत्या बँडवर आहे?

वेंधळी
बँड म्हणजे? नेटवर्कच्या नावात शेवटी ५जी आहे. आधी दोन नावं दिसायची, गोंधळ व्हायचा म्हणून मीच मागे एक बंद केलं.

स्क्रू_ड्रायव्हर
😌

खटपट्या
जे बंद केलंत तेच २.४ होतं. राउटरच्या पानावर जाऊन परत चालू करा. ५ चं राहू द्या फोनसाठी. दोन्हींना वेगळी नावं ठेवा म्हणजे पुन्हा गोंधळ नको.

वेंधळी
दिसलं! जोडलं गेलं!
पण फार रखडतंय. फोनवर सर्रास व्हिडिओ चालतो, लॅपटॉपवर पानही अडखळत उघडतंय. राउटर त्याच खोलीत आहे.

बिनतारी
डोंगल निळ्या पोर्टात खोचलाय का? आणि शेजारच्या पोर्टात काही आहे?

वेंधळी
हो, निळ्या. शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क. का?

बिनतारी
यूएसबी ३ च्या पोर्टात आणि केबलीत डेटा पळायला लागला की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो. इंटेलनेच २०१२ साली यावर कागद काढला होता. त्यात चिकटून बसलेली हार्ड डिस्क म्हणजे कानाशी ढोल. डोंगल दुसऱ्या बाजूच्या काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा. ९२७१ यूएसबी २ चाच आहे, निळ्या पोर्टाचा त्याला काडीचा फायदा नाही. तरी भागलं नाही तर हातभर एक्स्टेन्शन केबल लावून लांब ठेवा. आणि १५० हा आकडा हवेतला आहे, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आत समाधान माना.

अर्धवटराव
माझंही हार्ड डिस्क लावली की वायफाय मंद होतं! मी इतके दिवस अँटीव्हायरसला शिव्या देत होतो. ताई, तुमच्यामुळे माझं काम झालं.

वेंधळी
काळ्या पोर्टात लावला, केबल मिळाली ती पण लावली. आता डोंगल टेबलाच्या कडेवरून लोंबकळतोय, पण व्हिडिओ न अडकता चालतोय. सगळ्यांचे आभार, खटपट्यांचे जास्त. हा प्रतिसाद लॅपटॉपवरूनच टाकतेय.

तिरकस
वाखूसा (वाचनखूण साठवली). आता राउटरच्या फर्मवेअरचं बोला.

वेंधळी
नाही. आज नाही.

निळादात
ब्लूटूथचं राहिलंच.

बिनतारी
सीएसआर ८५१० चिपवाला. आयडी ०ए१२:०००१. फाइल लागत नाही. पण नकली फार आहेत आणि त्यांचाही आयडी हाच असतो, त्यामुळे इथे एलएसयूएसबी उपयोगाचं नाही. वेगळा धागा काढा, सांगतो. आणि पहिल्या ओळीत लिनक्सचं नाव लिहा.