ढगात मीठ पोचतं ते वाफेतून नाही

ढगातले थेंब समुद्राच्या मिठाच्या कणांवरही धरतात, असं म्हटलं की शंका येते: ‘वाफ होताना मीठ समुद्रातच राहतं, मग ते ढगात कसं जाईल?’ ही शंका वाफेपुरती अगदी रास्त आहे. पण मीठ थेंबांतून उडतं. लाट फुटताना पाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटले की त्यांचा पातळ पापुद्रा फाटून अतिसूक्ष्म तुषार उडतात. वाऱ्यावर त्यांतलं पाणी सुकतं, मिठाचा कण तरंगत राहतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकते त्याच्या किती टक्के वाफ आहे ते) साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हा कण हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळतो, म्हणजे ढग दिसण्याआधीच त्याचा खारट थेंब झालेला असतो! मिठाचे, धुळीचे असे कुठलेच कण हवेत नसते, तर थेंब धरायला आर्द्रता काही शे टक्के लागली असती.