जप्त केलेले कट्टे विकून पोलिसांना जॅकेट घेता येतील का?

प्रश्न – डोंगरकाठ, बीड जिल्हा

माझा धाकटा भाऊ पोलीस शिपाई आहे. परवा रात्री नाकाबंदीत त्यानं एका मोटारसायकलवाल्याला अडवलं, तर कमरेला गावठी कट्टा आणि दोन काडतुसं निघाली. भावाच्या अंगावर खाकी शर्ट आणि वरून आईनं विणलेलं स्वेटर, बाकी काही नाही. त्याच्या ठाण्यात बुलेटप्रूफ जॅकेटं दोनच आहेत, ती बंदोबस्तावर गेली होती. आईला अजून हे सांगितलेलं नाही.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जप्त झालेल्या बंदुका लिलावात विकतात आणि त्या पैशातून पोलिसांना जॅकेटं देतात, असं वाचलं. आपल्याकडं का नाही? डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनाचं प्रकरण झालं, तेव्हा कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात हजाराच्या वर शस्त्रपरवाने होते. म्हणजे मालाला तोटा नाही.

उत्तर – निवृत्त हवालदार, परभणी

भावाला जपा. मी सहा वर्षं मुद्देमाल सांभाळला आहे, म्हणून सांगतो.

कट्टा सापडला की पंचांसमोर पंचनामा होतो, सह्यांची चिठ्ठी लागते, लाखेचं सील पडतं आणि मुद्देमाल रजिस्टरला नंबर चढतो. मग तो प्रयोगशाळेत जातो. तिथं गोळी झाडून बघतात, चालतो की नाही. दोषारोपाआधी आर्म्स ॲक्टच्या कलम ३९ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. खटला, अपील. एकेक कट्टा आमच्या खोलीत पाच-सात वर्षं पडून राहायचा. पावसाळ्यात गंज चढायचा, तेव्हा मी स्वतः दर श्रावणात कोरडं कापड लावून ठेवायचो, कारण कोर्टात सील फाटकं निघालं की आरोपी सुटतो.

आणि विकणार काय? निम्मे कट्टे नळाच्या पाइपचे, स्टिअरिंगच्या रॉडचे. मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येणारं पिस्तूल जरा घडीव असतं, पण त्यावरही बनवणाऱ्याचं नाव-नंबर नसतो. असं हत्यार विकायला कलम ८ नंच मनाई आहे. त्याची जागा भट्टीत.

उत्तर – वकीलताई, अंबाजोगाई

हवालदारकाकांचं बरोबर आहे. पैशाचं सांगते. दोष सिद्ध झाल्यावर कलम ३२ खाली कोर्ट शस्त्र सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतं. त्यातून चार पैसे आले तरी ते चलनानं कोषागारात, म्हणजे राज्याच्या एकत्रित निधीत जातात. ठाण्याला परस्पर खर्चता येत नाहीत. मला हे योग्यच वाटतं. जप्तीवर ज्याचं जॅकेट अवलंबून, त्याची नजर उद्या मालावर जाईल.

डोंगरकाठ

ताई, कट्ट्याचं पटलं. पण परवाना रद्द झालेल्यांच्या चांगल्या रिव्हॉल्व्हरचं काय? त्यांना तर किंमत आहे.

वकीलताई

परवाना रद्द झाला की कलम २१ प्रमाणं शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं. ठरलेल्या मुदतीपर्यंत मालकाला ते दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं, पैसे त्याचेच. मुदत टळली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं सरकारजमा होतं. म्हणजे किमती माल बहुतेक वेळा मालकच विकून मोकळा होतो.

उत्तर – लातूरचा, सध्या लुईव्हिल

मी केंटकीतच राहतो. लिलाव राज्य पोलीस करतात, फक्त परवानाधारक विक्रेत्यांना. पैशातून जॅकेटांसाठी अनुदान मिळतं, हे खरं. पण १० एप्रिल २०२३ ला इथल्या एका बँकेत बंदूकधाऱ्यानं पाच जणांना मारलं. दुसऱ्या दिवशी महापौर क्रेग ग्रीनबर्ग म्हणाले, की राज्याच्या कायद्याप्रमाणं ही रायफलसुद्धा एक दिवस लिलावात जाईल. त्याच्या दोन महिने आधीच त्यांनी ठरवलं होतं, की बंदूक राज्याकडं देण्यापूर्वी तिची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून गोळी उडवणारा खिळा, काढायची. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या गावात ते हत्यार परत विकलं जाणं, हे इथं राहून बघवत नाही.

डोंगरकाठ

हे माहीत नव्हतं. मग मी मागणी मागं घेतो. पण जॅकेट हवंच. कुठून मागू?

निवृत्त हवालदार, परभणी

जिल्हा नियोजन समितीकडून. पोलिसांच्या गाड्या त्या निधीतून येतात, जॅकेटंही मागता येतील. भाऊ सेवेत आहे, त्याचं नाव कुठं घालू नका. गावच्या ग्रामसभेचा ठराव करा आणि अर्ज पालकमंत्री व पोलीस अधीक्षक दोघांना द्या. नुसतं ‘जॅकेट द्या’ लिहू नका. रात्रीच्या नाकाबंदीला किती माणसं उभी राहतात तो आकडा लिहा, तेवढी मागा. आणि हलकी मागा. आमच्या काळातलं घालून दोन तास उभं राहिलं की पाठ धरायची, मग पोरं ते जीपमध्येच काढून ठेवायची.

डोंगरकाठ

नाकाबंदीला सहा जण असतात. काका, आज रात्रीच अर्ज लिहितो. टाकण्याआधी इथं दाखवतो.