आईला बॅन्फच्या केव्ह अँड बेसिनला न्यावं का?

राजापूरचा_मुलगा:
पुढच्या महिन्यात आई कॅनडात, कॅलगरीला येतेय. वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे. आमचं घर राजापूरजवळ. उन्हाळे गावच्या गरम कुंडात आंघोळ करायची आणि मग राजापूरच्या गंगेवर जायचं, हे तिचं लहानपणापासूनचं. बॅन्फच्या डोंगरातही गरम पाण्याचे झरे आहेत असं मी फोनवर बोलून गेलो, तर तिने आंघोळीसाठी जुनं लुगडं बॅगेत भरूनही ठेवलंय! आता वाचतोय की केव्ह अँड बेसिनला, म्हणजे तिथल्या गरम झऱ्याच्या गुहेत आणि कुंडावर, पाण्यात उतरू देत नाहीत. मग नेण्यात अर्थ आहे का? चढउतार किती आहे?

बो_नदीकाठची:
जरूर न्या. पण तिथे आंघोळ नाही, हे घरीच सांगा. माझं तेच चुकलं. गेल्या जूनमध्ये माझी आई कठड्याशी टॉवेल घेऊन उभी, आणि पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही हे मी तिला तिथे सांगतेय. तिचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

कारण आहे एक गोगलगाय. मक्याच्या दाण्याहून मोठी नाही. बॅन्फच्या या गरम झऱ्यांखेरीज ती जगात कुठेही सापडत नाही. पाण्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, त्यावर ती जगते. आपल्या अंगाचं तेल, क्रीम, डास पळवायचं औषध, सगळं त्या पाण्यात उतरतं. हे कळल्यावर आई कठड्यावर वाकून वाकून गोगलगायी शोधायला लागली.

गुहेत बोगद्यातून चालत जाता येतं. १८८३ मध्ये रेल्वेचे तीन कामगार छताच्या भोकातून झाडाचं खोड सोडून आत उतरले होते. ते भोक अजून आहे. त्यातून उजेडाची एक तिरीप खाली निळसर हिरव्या पाण्यावर पडते, वर दगड ठिबकत असतो आणि गंधकाचा वास नाकात भरतो. तिथे दहा मिनिटं नुसतं उभं राहा. पाऊस आणि बर्फाचं पाणी सल्फर माउंटनच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि खडकातल्या मोठ्या भेगेतून परत वर येतं.

झऱ्यावर हक्क कोणाचा यावरून तेव्हा भांडणं लागली. शेवटी १८८५ मध्ये सरकारने झऱ्यांभोवतीची सुमारे २६ चौरस किलोमीटर जागा राखून ठेवली. कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान त्यातूनच उभं राहिलं, आज ते ६,६४१ चौरस किलोमीटर आहे.

आंघोळीसाठी त्याच डोंगरावर अप्पर हॉट स्प्रिंग्जला जा. पाणी ३७ ते ४० अंश असतं. लुगडं चालणार नाही, पोहण्याचा पोशाख लागतो, तिथे भाड्यानेही मिळतो. रक्तदाबाची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि एका वेळी दहा मिनिटांच्या वर बसवू नका.

पाचवी_पिढी:
वरच्या उत्तरात एक भर. कामगारांना गुहा 'सापडली' असं पाट्यांवरही पूर्वी असायचं, पण इथल्या मूळ रहिवासी स्टोनी नाकोडा लोकांना हे झरे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्यांच्यासाठी ते औषधाचं आणि प्रार्थनेचं पाणी. आईला हे सांगा, तिला चटकन समजेल.

आणि बाहेर पडल्यावर शेजारचं छोटं प्रदर्शन चुकवू नका. पहिल्या महायुद्धात युक्रेनी आणि इतर स्थलांतरितांना 'शत्रुदेशाचे' म्हणून पकडून हिवाळ्यात इथे छावणीत ठेवलं होतं, त्यांच्याकडून रस्ते करून घेतले. आपण स्वतः दुसऱ्या देशात येऊन राहिलेली माणसं, मला तिथून लवकर निघवत नाही.

राजापूरचा_मुलगा:
जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार. आंघोळीचं घरीच सांगितलं होतं, त्यामुळे आई शांत होती. बोगद्यात शिरताच म्हणाली, "वास ओळखीचा आहे रे." गुहेत तिने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि बराच वेळ वरच्या भोकाकडे बघत राहिली. स्टोनी नाकोडांचं सांगितलं तर म्हणाली, "मग चपला काढून यायला हवं होतं."

बाहेरच्या कुंडात मला काहीच दिसेना. तिनेच बोट दाखवलं, "तो काळा ठिपका बघ, सरकतोय." गोगलगाय होती!

संध्याकाळी अप्पर हॉट स्प्रिंग्जला भाड्याचा पोशाख घालायला ती लाजत होती. शेवटी माझ्या बायकोने तोच पोशाख घातला, तेव्हा आई तयार झाली. पाण्यात गळ्यापर्यंत बसली, समोर डोंगरावर अजून बर्फ. दहा मिनिटांनी मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाली, "अजून पाच."