मदत हवी आहे: आईच्या दाढेला झिरकोनियाची कॅप घ्यावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. आईच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालंय, आता कॅप बसवायची आहे. तिला झोपेत दात खायची जुनी सवय. समोरची वरची दाढ तिची स्वतःची आहे, धडधाकट आहे, आणि ती जपली जावी ही माझी खरी काळजी.

डॉक्टर झिरकोनियाच (एक पांढरं सिरॅमिक) घ्या म्हणतात, सगळ्यात कडक म्हणून. त्या कडकपणाचीच मला धास्ती वाटते. विकर्स मापाने इनॅमलचं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराचं, काठिण्य साधारण ३००च्या आसपास, झिरकोनियाचं थेट १२००च्या घरात. लिथियम डायसिलिकेट, म्हणजे ई-मॅक्स नावाने मिळणारं कॅपचं दुसरं सिरॅमिक, ६००च्या जवळपास. सोन्याचे मिश्रधातू इनॅमलपेक्षा मऊ असतात, पण तोंडात सोनं आईला मुळीच नको, त्यामुळे तो विषय संपला.

पुढे वाचताना कळलं की समोरचा दात किती झिजणार हे नुसत्या काठिण्यावर ठरत नाही, पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे हे जास्त महत्त्वाचं. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया इनॅमलला जुन्या पद्धतीच्या पोर्सिलेनपेक्षा कमी झिजवतो. पण वरचं ग्लेझ, म्हणजे चकचकीत काचेसारखा थर, कालांतराने निघून जातं, आणि खालचा भाग खरखरीत राहिला असेल तर तो कानशीसारखा दात घासत राहतो. कॅप उंच लागली की डॉक्टर ती तोंडातच घासून बसवतात. मग त्या घासलेल्या जागेचं पॉलिश तिथल्या तिथे नीट होतं का? की कॅप परत लॅबमध्ये पाठवायला सांगावी?

दुसरं म्हणजे झिरकोनियाचेही प्रकार आहेत. साध्या प्रकारात भेग पडू लागली की तिच्या टोकाशी स्फटिकांची रचना बदलते, ते किंचित फुगतात आणि भेग आवळली जाते. जास्त यिट्रिया (झिरकोनियात मिसळतात ते ऑक्साइड) घातलेला पारदर्शक प्रकार दिसायला छान, पण त्यात हा गुण कमी आणि ताकदही कमी. मागच्या दाढेला दिसण्याचं एवढं काय? मला तरी साधाच बरा वाटतो.

इथे कोणी दंतवैद्य असतील किंवा घरी कोणाला दात खायची सवय असून अशी कॅप बसवली असेल, तर कृपया सांगा: काही वर्षांनी समोरची दाढ कशी आहे? नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं संरक्षक आवरण, कॅप बसल्यावर लगेच करून घ्यावा का? पुढच्या आठवड्यात माप द्यायला जायचंय, त्याआधी उत्तर मिळालं तर फार मदत होईल.