ओल्ड गोव्याची चर्च आणि तिथलं म्युझियम: तुम्ही काय बघितलंत?

गोव्याला जाऊन आलेले तर सगळेच असतात, पण ओल्ड गोवा म्हणजे बहुतेकांचं बॉम जीझस चर्चमध्ये एक चक्कर, बाहेर फोटो, रस्ता ओलांडून से कॅथीड्रल, आणि मग "चला आता जेवायला" असं असतं. त्याच्या मागच्या म्युझियमपर्यंत कोण जातं? जे गेलात त्यांनी लिहा. इतिहासाचा निबंध नको, तुम्हाला काय दिसलं, काय आवडलं, काय खटकलं तेवढंच.

सुरुवात मी करते. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या जुन्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय ओळीने टांगलेत, साठेक तरी असतील. ही चित्रं काढून घ्यायची टूम १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रोने काढली आणि पुढे आला गेला प्रत्येक जण आपलं चित्र लावत गेला. आधीचे लोक सगळे दाढी, चिलखत, हातात काठी, चेहरे जवळपास सारखेच, आणि मग हळूहळू कपडे बदलतात, विग येतात, शेवटी छातीवर पदकं लावलेले लष्करी साहेब. एका भिंतीवरून चालत गेलं की चारशे वर्षांची फॅशन बघून होते. माझ्या नवऱ्याला कंटाळा आला, मी मात्र प्रत्येकाच्या बुटांपर्यंत बघितलं.

*

आम्ही टूरच्या बसने गेलो होतो, त्यांनी दोन्ही चर्च मिळून अर्धा तास दिला, त्यातला निम्मा बूट आणि ग्रुप फोटोत. म्युझियम आहे हे आज इथे कळतंय.

*

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं कुलदैवत मंगेशी. म्हणजे दर गोवा ट्रिपला प्रियोळ, कवळे, म्हार्दोळ हे ठरलेलं आणि ओल्ड गोवा गाडीच्या काचेतून. आजीला तिथे उतरायचंच नसायचं. १५६० मध्ये मंगेशाला कुशस्थळीहून खाडीपलीकडे नेलं, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली, हे तिने ऐकलेलं असं सांगायची की जणू परवा घडलंय. त्याच १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, ते १८१२ पर्यंत. तेव्हा तिचं न उतरणं मला कळतं.

यावेळी काकाने गाडी थांबवलीच. आजी चर्चमध्ये नाही आली, पण म्युझियमला ऊन नाही आणि बसायला जागा आहे म्हटल्यावर आली. आत गेल्यावर समोर गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कचा हा एवढा मोठा ब्राँझचा पुतळा, तिने तोंड फिरवलं. आणि पुढच्या दालनात विष्णू, सूर्य, सतीशिळा, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड). कदंबांच्या, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजांच्या, काळातला एक वीरगळ तर असा की त्यावर जहाजांची लढाई कोरलीय. (बोरिवलीच्या एक्सरला असेच समुद्री लढाईचे वीरगळ आहेत, ते बघितले असतील तर इथे पाय निघत नाही.) आजी त्या विष्णूसमोर हात जोडून उभी राहिली आणि गार्ड काही बोलला नाही. मग मला म्हणाली, "हे कुणाच्या घरात बसलेत गो?" मी काय सांगणार. मठाच्याच घरात बसलेत.

तिथून फेरीने दिवाडी बेटावर जाता येतं. कदंबांचा सप्तकोटेश्वर मूळचा तिथला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नार्व्याला ज्याचं देऊळ नव्याने बांधायला घेतलं तो हाच. वेळ असेल तर म्युझियम आणि नार्वे एकाच दिवशी करा, दोन्हींचा अर्थ जास्त लागतो.

*

वरचा अनुभव वाचला, आवडला. मी वसईची कॅथलिक. आमच्याकडे ओल्ड गोवा म्हणजे टुरिस्ट स्पॉट नाही हो, तिथे सायबाला, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरला, भेटायला जातात. गोव्यात सगळे गोंयचो सायब म्हणतात, हिंदू शेजारीसुद्धा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत पवित्र अवशेष दर्शनाला ठेवले होते, दहा वर्षांनी येतं ते, तेव्हा आमच्या धर्मग्रामातून बस गेली होती. पेटी बॉम जीझसमधून खाली काढून से कॅथीड्रलमध्ये आणतात, रांग ही एवढी, पण लोक रोझरी म्हणत होते, पाणी एकमेकांना देत होते. प्रत्यक्ष समोर गेल्यावर काही सेकंदच मिळतात. माझ्या आईने काय मागितलं ते अजून सांगितलेलं नाही तिने.

एरवी गेलात तर पेटी खूप उंचावर असते, खालून फार दिसत नाही, म्हणून लोक नाराज होतात. पण त्यांनी खालचा चबुतरा बघावा ना! इटलीत फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराने केलेला, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला, १६९८ मध्ये इथे जोडला. आणि वरची चांदीची पेटी त्याच्याही आधीची, ती गोव्याच्याच सोनारांनी केलेली. संत १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले, तिथून मलाक्का, तिथून १५५४ मध्ये गोवा. उजवा हात रोमला आहे.

एक विनंती. आत मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) चालू असेल तर फोनवर मोठ्याने बोलू नका आणि खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. देवळात जे पाळता तेच.

*

आर्किटेक्चरवाला आहे म्हणून राहवत नाही. बॉम जीझस तो लाल दगड उघडा म्हणून सगळ्यांना "किती छान जुनं वाटतं" असं होतं. पण ते १६०५ मध्ये तसं नव्हतं! बाकीच्या चर्चसारखं त्यालाही चुन्याचं प्लास्टर होतं, ते १९५० च्या दशकात मुद्दाम काढलं. जांभा दगड कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पाऊस पिऊन पिऊन भुसभुशीत होतो. चर्चमधूनच प्लास्टर परत करा अशी मागणी झालीय, तर दुसऱ्या बाजूचे म्हणतात लोकांना लालच ओळखीचं झालंय. माझं मत विचाराल तर प्लास्टर करा, फोटो वाईट आले तरी चालतील.

*

प्लास्टर केलं तर ते आणि से कॅथीड्रल सारखंच दिसेल की. :)

*

नाही दिसणार. से कॅथीड्रलला एकच मनोरा आहे, दुसरा १७७६ मध्ये पडला. उरलेल्यात ती मोठी घंटा आहे, सोन्याची घंटा म्हणतात. ऐकली तर मला आमच्या नाशिकची नारोशंकराची घंटा आठवते, मराठ्यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली.

*

कोणीच ख्रिश्चन आर्ट म्युझियमबद्दल लिहिलं नाही? ते वेगळं आहे, टेकडीवर सांता मोनिका मठात. पुरातत्त्ववाल्यांच्या म्युझियमसारखं दगड आणि पुतळे नाहीत, हस्तिदंत, चांदी, लाकूड, कपडे. आधी राशोलला होतं, २००२ पासून इथे. पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं एक पूजेचं पात्र आहे, हा पक्षी स्वतःच्या रक्ताने पिल्लं जगवतो अशी समजूत, म्हणून येशूचं प्रतीक. पण मला खरी मजा बारीक मूर्तींत आली. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती करू नयेत म्हणून चर्चने पुन्हा पुन्हा फर्मानं काढली, याचा अर्थ ते करतच होते! एका मरियेचे डोळे सरळ सरळ आपल्याकडच्या देवीचे आहेत, बघताना हसूच आलं.

जवळच सेंट ऑगस्टीनचा तुटका मनोरा आहे, ४६ मीटर, नुसता एक बाजू उरलेला. तिथे उत्खननात जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष मिळाले, डीएनए तपासून खात्री झाली आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. गाईडने सांगितल्यावर मला वाटलं फेकतोय. घरी येऊन शोधलं, खरं निघालं.

*

हे सगळं एका दिवसात होतं का? आई बरोबर आहे, गुडघ्यांचा त्रास आहे.

*

होतं, पण सकाळी लवकर जा. बॉम जीझस, से आणि पुरातत्त्वाचं म्युझियम जवळजवळ आहेत, सपाटीवर. म्युझियमचा वरचा मजला जिन्याने आहे, खालचे वीरगळ मात्र आईंना आरामात दिसतील. टेकडीवर गाडी नेता येते. पणजीहून साधारण दहा किलोमीटर, बसेस भरपूर. आणि शुक्रवार सोडून जा, पुरातत्त्वाचं म्युझियम त्या दिवशी बंद असतं.