क्वालिटीच्या नोकरीसाठी सीव्ही टाकतोय, कॉलच येत नाही. काय चुकतंय?

कुपवाडचा_इन्स्पेक्टर:
डिप्लोमा मेकॅनिकल, 2022 पासआउट. कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. आता चाकण-भोसरीकडे बघतोय. नोकरीच्या साइटवरून आणि ओळखीच्यांकडून भरपूर ठिकाणी सीव्ही टाकला, पण उत्तर नाही. तीन पानी आहे. वर करिअर ऑब्जेक्टिव्ह, शेवटी वडिलांचं नाव, धर्म, छंद आणि डिक्लरेशन. मित्र म्हणतो डिझाइनवालं टेम्प्लेट घे. शिवाय वडिलांच्या ऑपरेशनमुळे मध्ये काही महिने घरी होतो, तो गॅप लपवावा का?

मायक्रोमीटर_मास्तर:
भोसरीत क्वालिटी बघतो, असे सीव्ही कायम टेबलावर असतात. स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस.

धर्म, वडिलांचं नाव, विवाहित की अविवाहित हा सगळा सोयरिकीचा बायोडेटा झाला, रास आणि गण तेवढे राहिलेत. काढून टाक. आधार-पॅनचा नंबर असेल तर आजच काढ, तो कागद कुणाकुणाच्या मोबाइलवर फिरतो देव जाणे. डिक्लरेशन सरकारी भरतीत मागतील तिथे त्यांच्या नमुन्यात दे, इथे कुणी वाचत नाही.

पण खरी गोची वेगळीच आहे. पैजेवर सांगतो, तुझ्या अनुभवाखाली 'रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी इन्स्पेक्शन' एवढंच असणार. अरे, पण मोजत काय होतास? शाफ्ट की हाउसिंग? टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, किती? फर्स्ट पीस अप्रूव्हल (पहिला नग तपासून मंजुरी) तू द्यायचास, की मशीन लावणाऱ्या सेटरने सांगितलेलं रीडिंग नुसतं रजिस्टरला चढवायचास? पीडीआय रिपोर्ट (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा) कोण बनवायचं? मला एवढंच हवं असतं आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही.

मागे एकाने 'एक्स्पर्ट इन ऑल मेझरिंग इन्स्ट्रुमेंट्स' लिहिलं होतं. आमच्याकडचा साधा व्हर्नियर समोर ठेवला आणि लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) विचारला. 0.02 मिमी, एवढंच उत्तर हवं होतं. गडी व्हर्नियर उलटसुलट करत बसला. सीएमएम (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन) नुसता काचेपलीकडून पाहिला असशील तर तो शब्द लिहूच नकोस.

एका पानात बसव.

भरती_डेस्क:
मास्तरांशी सहमत. टेम्प्लेटचं मी सांगते. दोन कॉलमचा सीव्ही साइटवर चढवला की सॉफ्टवेअर कधी कधी डावी-उजवी ओळ एकत्र करतं, मग कंपनीच्या नावापुढे 'क्रिकेट आणि वाचन' येतं. आणि कौशल्यापुढचे ते पाचपैकी चार भरलेले ठिपके! ऑटोकॅड चार ठिपके येतं म्हणजे नक्की किती येतं?

साधा एक कॉलम, पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. 'रिझ्युमे फायनल न्यू 2' नावाच्या फायलींचा माझ्याकडे ढीग आहे. छापील कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. आणि नोटीस पिरियड वरच लिहा, इकडे माणूस कालच हवा असतो.

मायक्रोमीटर_मास्तर:
गॅपचं राहिलंच. लपवू नकोस. पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागितली की जॉइनिंग आणि सोडल्याच्या तारखा दिसतात, मग नसती शंका येते. महिना-वर्ष घालून 'कौटुंबिक वैद्यकीय कारण' लिही. कुणीही समजून घेतं, आणि जो घेणार नाही त्याच्याकडे नोकरी करून तरी काय?

कुपवाडचा_इन्स्पेक्टर:
धन्यवाद सर, मॅडम. ही ओळ चालेल का? 'सीएनसी टर्न्ड बुश, आयडी 25 एच7, बोअर गेजने दर तासाला पाच नग तपासणी; फर्स्ट पीस अप्रूव्हल आणि पीडीआय रिपोर्ट.'

मायक्रोमीटर_मास्तर:
आता कसं! याला मी फोन लावला असता. आयडी 25 एच7 म्हणजे 25 मिमीच्या आतल्या व्यासाला 0 ते +21 मायक्रॉन सूट, हे तोंडावर असू दे. आणि बोअर गेज झिरोला कशावर सेट करायचास, रिंग गेजवर की मायक्रोमीटरवर, हे पहिल्याच मिनिटाला विचारणार.