मदत हवी आहे : पायांच्या ओढीवर बोलायचंय

मंडळी, बेळगावात खडेबाजारात आमचं जोडवी-पैंजणांचं दुकान. बाई पैंजण घालून बघते तेव्हा सोबतच्या नवऱ्याची नजर घोट्यावरून हलत नाही. हसू नका, त्यातूनच पायांबद्दलच्या लैंगिक ओढीचा विषय डोक्यात शिरला. आता वाचनालयात पंधरा मिनिटं बोलायचंय.

सुंदरीच्या लाथेने अशोक फुलतो हा संस्कृत कविसंकेत, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १८८७ साली अशा ओढीसाठी वापरलेला ‘फेटिश’ शब्द, मेंदूतल्या शरीराच्या नकाशात पाय आणि जननेंद्रियं शेजारी असतात, त्यातूनच ही ओढ येत असावी हा मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी लढवलेला तर्क, एवढं जमलंय. लावणीतलं कुणी सुचवेल? कानडी जानपद गाण्यांतलंही चालेल, वाचता येतं. आणि ‘फेटिश’ला आजोबा मंडळींसमोर उच्चारता येईल असा मराठी शब्द? ‘विकृती’ नको, मला पटत नाही.